बारा नंबरच्या खोलीतली आक्का

"अण्णा, एक बायटू! आणि गलास एकच दे रं!"

आमच्या दवाखान्याच्या आवारात तुम्ही थोडा वेळ जरी उभारला असता, तरी ही हाक तुमच्या कानावर पडली असती. बायटू काय ते आपल्याकडं कुणाला सांगायला नको. एक चहा, दोन ग्लास, अर्धा तुला अर्धा मला. पण आक्का ग्लास एकच मागवायची. बाकावर कोणतरी नवीन माणूस बसलेला असायचा, मान खाली, तोंडाला टॉवेल नाहीतर पदर. त्याच्या हातात ती ग्लास द्यायची आणि म्हणायची, "अर्धा पी. अर्धा ठेव." तो बिचारा दोन घोट घ्यायचा आणि ग्लास धुवायला नळाकडं निघायचा. घरात तेच शिकवलेलं असायचं त्याला, आपलं भांडं आपण वेगळं धुवायचं. तेवढ्यात आक्का त्याच्या हातातनं ग्लास ओढून घ्यायची आणि राहिलेला चहा घटाघटा पिऊन टाकायची. वर तोंड वाकडं करून, "साखर कमी टाकतंय गं हे बेनं!"

मोठी मोठी माणसं मी त्या उष्ट्या चहावर रडताना बघितल्यात. (टीबीचा संशय असला की मात्र वेगळा ग्लास. ते तिला बरोबर कळायचं. येडी नव्हती ती.)

आता आधी कोण कुठली ते सांगते, नाहीतर मी अशीच पुढं पळत सुटणार. मी बेळगावच्या खासबागेतली. निपाणी भागातल्या एका सरकारी दवाखान्यात कॉम्प्युटरवर बसते, रोज बसनं ये-जा. एचआयव्हीच्या गोळ्या मिळतात ते सेंटर. दारावर मोठा बोर्ड आहे, पण तो कोण वाचत नाही, सगळे "बारा नंबर" म्हणतात. माझी ही पहिलीच नोकरी. आक्का तिथली केअर कोऑर्डिनेटर. म्हणजे काय, तर जी स्वतः ह्याच गोळ्या खाते आणि दुसऱ्याला खायला लावते ती. तिचं नाव सांगणार नाही. आम्ही सगळे आक्काच म्हणायचो, डॉक्टरसुद्धा.

पहिल्या दिवशी तिनं मला वरनं खालपर्यंत बघितलं आणि विचारलं, "तुझं वय काय गं पोरी?" सांगितलं. तर टाळी वाजवून हसली. "म्हंजे तू पाळण्यात होतीस तवा मी मराय टेकल्ते!"

ते खरंच होतं. तेव्हा सरकारी गोळ्या मिळत नव्हत्या. ती तंबाखूच्या वखारीत चाळण मारायची. नवरा गेला, मागनं तिचीही तपासणी झाली, आणि सासरी तिचं ताट वेगळं केलं. डॉक्टर म्हणाले, फार तर दोन वर्षं. "मी म्हटलं बरं, दोन तर दोन. पोरगी तवर चालाय तरी लागंल." पुढं गोळ्या आल्या, पोरगी चालायला लागली, शाळेला गेली, तपासणीत पोरीला काही नाही असं निघालं, पोरगी कॉलेजला गेली. आणि तो डॉक्टर एक दिवस हार्टअटॅकनं गेला. आक्का त्याच्या मातीला गेलती. "सगळ्यात जास्त मीच रडले बघ. चांगला माणूस हुता. हिशोबात कच्चा हुता, एवढंच."

असलं काहीतरी ती बोलायची आणि तुम्हाला हसावं का रडावं कळायचं नाही.

आमच्या बारा नंबरची एक गंमत आहे, ती हद्दीवरच्या माणसांनाच कळेल. निपाणीकडची माणसं गोळ्या आणायला महाराष्ट्रात जातात, आणि तिकडची माणसं कोगनोळीचा नाका ओलांडून आमच्याकडं येतात. का? तर ओळखीचं कोण भेटू नये म्हणून. गाव बदललं, राज्य बदललं, आता आपल्याला कोण बघतंय! आक्का म्हणायची, "दोन्ही सरकारं भांडून भांडून दमली गं. आमच्या पेशंटांनी बघ कशी गपचूप अदलाबदली केलीया. सीमाप्रश्न कुणी सोडवलाय? बारा नंबरनं!"

पण होतं काय, सगळ्यांचं डोकं एकसारखंच चालतं. एकदा गुरुवारी, बाजारादिवशी, पलीकडच्या एकाच गल्लीतले दोन चुलतभाऊ लाइनीत एकामागं एक उभारले. दोघांच्या तोंडाला टॉवेल. मागच्यानं पुढच्याची चप्पल ओळखली.

"तू रं हितं?"

"दाढ दुखती. तू?"

"माझी बी दाढच."

आक्का मागंच उभी होती. "दोघांची बी दाढ बारा नंबरातच दुखती व्हय? अण्णा, एक बायटू!"

पुढच्या महिन्यापासनं दोघं एकाच गाडीवरनं यायला लागले. पेट्रोल तरी वाचलं.

लॉकडाऊनमधली गोष्ट माझ्या आधीची, पण ती इतक्यांदा ऐकलीय की मी तिथं होते असंच वाटतं. नाका बंद. पलीकडची माणसं पलीकडं अडकलेली, गोळ्या अलीकडं. आक्का पिशवी घेऊन बॅरिकेडपाशी जाऊन उभारली. "औषध अदाव री सर," म्हणाली, म्हणजे औषधं आहेत हो. पोलिसानं विचारलं, कुणाचं औषध? कसलं? पलीकडं माणसं गप्प उभी, कोण आपलं म्हणून पुढं येईना. मग आक्कानं एक बाटली उघडली, एक गोळी सगळ्यांदेखत तोंडात टाकली, पाणी प्याली आणि आधी कन्नडमधनं, मग मराठीतनं म्हणाली, "नंदु री. माझंच हाय." त्या पोलिसानं पिशवी स्वतः उचलून पलीकडं नेऊन दिली म्हणे.

कॉलेजात कार्यक्रमाला मी तिच्याबरोबर जायचे. बेळगावातली पोरं, एसीचा हॉल, आणि ही नऊवारीत. माइक हातात आला की पहिलं वाक्य स्वतःचं नाव, दुसरं गाव, तिसरं, "मला एचआयव्ही हाय, आणि मी सकाळी दोन भाकऱ्या खाऊन आलीया." एकदा एक पोरगा उठून म्हणाला, "तुमच्याकडं बघून वाटत नाही."

"मग काय वाटतंय?"

"आमच्या काकूसारख्या दिसता."

"मग काकूच म्हण की बाळा. पेशंट कशाला म्हणतोस?"

टाळ्या. सगळ्यांचे मोबाइल वर. आणि मग ती एकदम पदर पुढं ओढायची. "फोटो न्हाय हं. तोंड माझं हाय, पर नाक लेकीचं हाय."

हे नाकाचं प्रकरण मला उशिरा कळलं. तिची लेक हद्दीपलीकडं दिलेली. लग्नानंतर कुणीतरी जाऊन सासूच्या कानावर घातलं, की सुनेच्या आईला तसलं आहे. सासू कडक. तिनं सांगितलं, सून राहू दे, ती चांगली आहे. पण तिच्या आईनं आमचा उंबरा चढायचा नाही, आणि आमच्या नातीनं तिच्या घरात पाण्याचा घोटही घ्यायचा नाही. मग मायलेकी महिन्यातनं एकदा कोगनोळीला हायवेवरच्या एका हॉटेलात भेटायच्या. लेक घरी सांगायची, मैत्रिणीकडं जाऊन येते. बरोबर नात.

आक्काला सगळ्या जगाकडनं एकच पाहिजे होतं. नात एकदा मुक्कामाला यावी आणि आपल्या हातचं जेवावी. बास. तिच्या घरी मांडणीवर एक छोटं स्टीलचं ताट होतं, त्यावर नातीचं नाव कोरून घेतलेलं, एकदाही न वापरलेलं. मला दाखवून म्हणाली, "माझं बी ताट येगळं केल्तं, हे बी येगळंच ताट. पर ह्येच्यावर नाव हाय बघ."

आता मुख्य गोष्ट.

एका गुरुवारी बाकावर एक बाई बसलेली. नवीन. पदर नाकापर्यंत. ऑपरेशनच्या आधी रक्त तपासलं, त्यात निघालं, आणि इकडं पाठवून दिलं. मी तिचं नाव टाइप करत होते तोवर आक्का चहाचा ग्लास घेऊन आत आली, नेहमीसारखी. बाईनं मान वर केली. आणि दोघी जागच्या जागी थिजल्या.

ती लेकीची सासू होती. आक्काची विहीण.

आक्का सावरली. ग्लास पुढं केला. "अर्धा प्या," एवढंच म्हणाली, नेहमीच्याच आवाजात. विहीणबाई त्या ग्लासाकडं बघत राहिली. मग उठली आणि गोळ्या न घेताच निघून गेली. चहावर साय धरली तरी आक्का तो हातात धरून उभी.

मी तर उडालेच. म्हटलं, "आक्का, सुटला की तुझा प्रश्न! आता ती कुठल्या तोंडानं बोलणार? उद्याच जा, नातीला घेऊन ये!"

"गप बस!"

इतकी ती माझ्यावर कधीच ओरडली नव्हती. मग हळू म्हणाली, "हितं जे बसतंय त्येचं त्येनंच सांगायचं. आपल्या तोंडातनं न्हाय जायचं. लेकीला बी न्हाय. मग ते माझ्या फायद्याचं असू दे न्हायतर नसू दे."

विहीणबाई पुन्हा आली नाही. न येणाऱ्यांना फोन करणं हे आक्काचं काम, पण हिला ती कसा करणार? मी केला. "रॉंग नंबर" म्हणून ठेवला. परत केला, पुन्हा रॉंग नंबर.

त्या महिन्यात कोगनोळीला आक्काला मीच माझ्या मैत्रिणीच्या स्कूटीवरनं सोडलं, म्हणून पुढचं माझ्या डोळ्यांदेखतचं आहे. नात भडंग खात टेबलाखाली शिरलेली. लेक बोलत होती.

"आई, सासूबाई लई वाळल्यात गं. रातभर खोकत्यात. दवाखान्याला चला म्हटलं तर अंगावर येत्यात. तू दवाखान्यातच असतीस न्हवं? कुठल्या डॉक्टरला दाखवू, सांग की."

मी आक्काकडं बघितलं. तिनं टेबलावर सांडलेलं भडंग एकेक करून गोळा केलं. "खोकला जुना असला तर थुंकी तपासून घ्या म्हणावं," म्हणाली. "आणि तिला एकटीला जेवाय बसवू नकोस. संगट बस."

"तू तिची एवढी काळजी कशाला करतीस? तिनं तुला काय केलंय ते इसरलीस व्हय?"

"तू कर म्हंतीया मी. मी कुठं करतीया?"

येताना स्कूटीवर पूल ओलांडला तेव्हा म्हणाली, "मरंल गं ती."

मी म्हटलं, "दुसरीकडं जाईल की गोळ्यांना."

"कुठं जाईल? तिकडं तिची माणसं, हितं मी. मी हाय तवर ती हितं यायची न्हाय. मला ठाऊक हाय ना, मी बी अशीच पळत हुते."

आणि पुढच्या आठवड्यात तिनं बदलीचा अर्ज टाकला. लोंढ्याकडं एक जागा रिकामी होती, कोण जायला तयार नव्हतं. डॉक्टर म्हणाले, "आक्का, तिकडं काय आहे? जंगल."

"जंगलात बी माणसं आजारी पडत्यात की सर."

कारण कुणालाच सांगितलं नाही. लेकीला तर नाहीच. लेक फोनवर इतकी रडली, की घरात सासू आजारी, मी एकटी, आणि नेमकी आत्ता तू लांब चाललीस? महिन्यातनं एकदाची भेट, ती पण नको झाली व्हय तुला? आक्का नुसतं "व्हय गं, व्हय गं" करत राहिली. त्यानंतर लेकीनं तिचा फोन उचलायचं बंद केलं. म्हणजे बघा, नातीचं मुक्कामाला येणं राहिलं बाजूला, तिचा आवाज पण गेला.

जायच्या दिवशी सामान फार नव्हतंच. दोन पिशव्या, आणि ते नाव कोरलेलं ताट एका जुन्या लुगड्यात गुंडाळलेलं. ते दोघे चुलतभाऊ तिला बसला बसवायला आलते, ह्या खेपेला टॉवेल न बांधता.

दुसऱ्या दिवशी मी विहीणबाईला फोन लावला. ती रॉंग नंबर म्हणायच्या आत मी भडाभडा बोलून टाकलं, "मावशी, ठेवू नका, त्या बाई आता इथं नाहीत, बदली झाली, लई लांब गेल्या."

पलीकडनं खोकला ऐकू आला. मग, "नक्की?"

"नक्की."

गुरुवारी ती आली. दारातनं आधी सगळी खोली बघून घेतली, मग बसली. टीबी निघाला. त्याचं औषध आधी सुरू झालं, मग ह्या गोळ्या. मी तिचं वजन टाइप करायची आणि दर वेळी वाटायचं, उठून नाचावं.

ती पहिल्यांदा परत आली त्या गुरुवारी संध्याकाळी आक्काचा फोन. हॅलो नाही, कशी आहेस नाही.

"आली?"

"आली."

"बरं." आणि ठेवला.

तेव्हापासनं दर महिन्याला हेच. आली? आली. मला तिला किती काय सांगायचं असतं! नवीन कोऑर्डिनेटर चांगले आहेत, पण चहा ते एकटेच पितात. नवीन माणूस अजूनही नळाकडं ग्लास धुवायला जातो आणि त्याला कोण अडवत नाही. मी एकदा तसं करायला गेले, तर तो माणूस म्हणाला, "मॅडम, तुमाला काय झालंय?" मला काहीच झालेलं नाही ना. तिथंच तर फरक पडतो.

मध्ये एकदा विहीणबाई नातीला बरोबर घेऊन आली. घरी सांगितलेलं, पोरीला दवाखान्यात दाखवून आणते. आजी गोळ्यांच्या खिडकीपाशी, आणि नात माझ्या टेबलाशी येऊन कीबोर्डवर बोटं मारून गेली. तेच नाक! मला संध्याकाळपर्यंत दम निघाला नाही. फोन आल्या आल्या मी म्हटलं, "आली, आणि आक्का, आज तिच्याबरोबर..."

"बास." तिनं मला मध्येच तोडलं. "गोळ्या नेल्या न्हवं? बाकीचं तिचं हाय. तिचं मला नको सांगू."

पण फोन ठेवला नाही. मीही ठेवला नाही. मागं लोंढा स्टेशनवर कन्नडमधनं कुठल्यातरी गाडीची घोषणा चाललेली. ती संपेपर्यंत आम्ही दोघी तशाच ऐकत राहिलो.

हे लिहायचं मनात आलं तेव्हा आधी आक्काला विचारलं. "माझं लिही की," म्हणाली. "नाव घालू नको, लेकीचा संसार हाय. आणि तिचं तिला इचार. ती न्हाय म्हटली तर अर्ध्यातच थांब."

मग परवाच्या गुरुवारी विहीणबाईला विचारलं. नात बाहेर पायऱ्यांवर उड्या मारत होती. बाई गोळ्यांची बाटली हातात फिरवत बराच वेळ बसली. आता चेहरा भरलाय तिचा, खोकला गेलाय. मला वाटलं, पहिल्या दिवशीसारखी उठून जाणार.

"गाव लिहू नको," म्हणाली.

"नाही लिहीत."

"नातं लिवायलाच पायजे?"

"नातं नाही लिहिलं तर आक्का कुणाला कळायची नाही, मावशी."

मग मान डोलावली, बाटली पिशवीत टाकली, उठली, दारापर्यंत गेली. आणि परत फिरून माझ्या टेबलापाशी आली.

"ती वाचंल न्हवं हे?"

"मी वाचून दाखवेन फोनवर."

"मग पोरीचं बी लिही त्यात." पदर नीट केला, माझ्याकडं न बघता बोलली. "वरचे दोन दात पडल्यात म्हणून लिही. आणि कोगनोळीची आज्जी का येत न्हाय म्हणून सारखी इचारतीया, ते बी लिही."

म्हणजे तिला कोगनोळीचं माहीत होतं. कधीपासनं, ते मी विचारलं नाही.

तर आक्का, आता मध्येच बास म्हणू नकोस, हे तिनंच सांगितलंय. वरचे दोन दात पडल्यात. आणि ती सारखी विचारतीया.